गुरुवारचं प्रॅक्टिकल

१

इंटर सायन्सच्या मंगरू कुमरेचा उजवा हात ॲसिडने भाजला तो वार होता गुरुवार, दहा फेब्रुवारी १९५५, वेळ दुपारी पावणेतीनची. पुढचा बुधवार उजाडला तेव्हा या प्रकरणातला गुन्हेगार म्हणून त्याचंच नाव नक्की झालं होतं. भाजलेला तोच आणि आरोपीही तोच! वर्ध्यात तऱ्हेतऱ्हेचे न्याय होत, पण असला न्याय तिथेही रोजचा नव्हता.

त्या बुधवारी सकाळी विद्यासाधन कॉलेजचा शिपाई एक जाड लिफाफा घेऊन लीलाबाई घोंगड्यांच्या दारात उभा राहिला. लीलाबाई वकील होत्या. वर्ध्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहणारी बाई म्हणून लोक त्यांना बघायला पुष्कळ येत, काम द्यायला थोडे. कॉलेजच्या कार्यकारी मंडळावरही त्यांना घेतलं होतं ते 'एखादी बाई असलेली बरी' म्हणून. दोन वर्षांत मंडळाने त्यांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या. स्नेहसंमेलनाला फराळाचं काय करायचं, आणि पाहुण्यांना ओवाळणार कोण.

आता मात्र मंडळाचे अध्यक्ष किसनराव जिनवाले यांनी तिसरी गोष्ट मागितली होती. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की प्रा. प्रभाकरराव यांची स्पष्ट मनाई असताना मंगरू कुमरे याने तीव्र ॲसिडमध्ये पाणी ओतलं, त्यातून अपघात झाला, सबब त्याला रस्टिकेट करायचं, म्हणजे कॉलेजातून काढायचं आहे. शनिवारी दुपारी चारला सभा आहे. तोवर बाईंनी चौकशीचा चार ओळींचा अहवाल द्यावा म्हणजे कागद पुरा होईल.

आणि शनिवारी संध्याकाळी पाचला परीक्षेच्या फॉर्मची खिडकी बंद होणार होती. रस्टिकेट झालेल्या मुलाचा फॉर्म कोण घेणार? वर्ष जाणार, शिष्यवृत्ती जाणार. अल्लीपूरकडच्या गोंड वस्तीतून कॉलेजपर्यंत पोचलेला तो पहिला पोरगा. तो पुन्हा बापाबरोबर दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जाणार.

लिफाफ्यात तीन जबान्या होत्या. प्रभाकररावांची, रसायनशाळेतले जुने नोकर नत्थूजी यांची आणि खुद्द मंगरूची. मंगरूने लिहून दिलं होतं : 'सर माझ्या उजव्या हाताशी उभे होते. त्यांनी नको म्हटले तरी मी पाणी ओतले. चूक माझी आहे.' खाली डाव्या हाताने केलेली वाकडीतिकडी सही.

आरोपीनेच कबूल केलं म्हटल्यावर उरलं काय? लीलाबाईंनी अहवालासाठी दौत पुढे ओढली आणि तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी दौतीचं झाकण परत लावलं.

सह्या तिघांच्या होत्या, पण तिन्ही जबान्यांचं अक्षर एकट्या प्रभाकररावांचं होतं.

२

मंगरू वसतिगृहाच्या ओट्यावर बसला होता. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी, मानेवरही एक चिकटवलेली. डाव्या हाताने पुस्तकाची पानं उलटणं चाललं होतं. लीलाबाईंना पाहून तो धडपडत उभा राहिला.

"बस रे. बोटं हलतात का?"

"हलते, बाई. डाक्टर म्हने, लिव्हता येईन."

"छान. मग मला एक सांग. गुरुवारी सर होते?"

"मी लिहून देल्लं न सारं. आता काऊन विचारून राह्यल्या?"

"माझं कामच आहे ते. होते का सर?"

मंगरू जमिनीकडे बघत म्हणाला, "होते."

कोर्टात पंधरा वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला खोटी साक्ष ओळखायला फार वेळ लागत नाही. पण खोटं बोलणारे आपल्या फायद्यासाठी बोलतात, हे पोरगं मात्र आपला गळा आपणच कापत होतं. लीलाबाईंनी वाट बदलली.

"बरं, पाणी ओतायचं तुझ्या मनात कसं आलं?"

"पातळ ॲसिडची बाटली रिकामी होती. जहाल ॲसिड होतं कपाटात." त्याने मान खाजवली. "आमच्या घरी भिंतीले पोतारा कराचा असन, तं बाबा चुन्याच्या खड्यावर पाणीच टाकते न बाई? खदखद होते, मंग थंडा पडते. म्या म्हटलं, हेबी जहालच हाय, पाणी टाकलं का नरम पडन."

एवढं बोलून त्याने जीभ चावली. सर शेजारी उभे राहून 'नको' म्हणत असते, तर या पोराला घरचा चुना कशाला आठवला असता?

"मंगरू, तू जेवतोस कुठे?" त्यांनी सहज विचारलं.

"वार लावले हायत. सोमवारी अण्णाजीकडे, मंगळवारी देवकाबाईकडे..." त्याने पुस्तक मिटलं. "गुरुवारी सरच्या घरी. आनंदाबाई मले सरच्या शेजारी पाट मांडते, बाई. ताट येगळं नाई, जागा येगळी नाई. बाकीच्या घरी मी ओसरीवर जेवतो."

"आणि म्हणून..."

"ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्यावर मी बोट दाखवू?" पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी काईबी विचारा. सर होते."

लीलाबाईंना संताप आला. जेवू घालण्याचं पुण्य त्या माणसाने भलतीकडेच वसूल केलं होतं.

तिथून त्या रसायनशाळेत गेल्या. टेबलाच्या दगडावर पांढरा डाग अजून दिसत होता. नत्थूजी हातातल्या फडक्याने पुसलेलीच बाटली पुन्हा पुसत होते. पेन्शनला तीन वर्षं उरलेली, केस पिकलेले, आणि नजर दाराकडे.

"नत्थूजी, ॲसिड पातळ करून ठेवणं तुमचं काम?"

"हो जी. त्या दिशी राहून गेलं. चूक हाय माही." त्यांनी बाटली खाली ठेवली. "मलेच काढून टाका न बाई, पोराले ठेवा."

म्हणजे चूक अंगावर घ्यायला दोन गरीब माणसं तयार! लीलाबाईंनी त्या वर्गाच्या सतरा प्रयोगवह्या मागवल्या. दर गुरुवारच्या प्रयोगाला सुरुवातीला 'सूचना' असा मथळा असे, आणि त्याखाली सरांनी सांगितलेल्या चार-पाच ओळी. दहा तारखेला मथळा सतरा वह्यांत होता, खाली ओळ एकाही वहीत नव्हती. पोरं मथळा लिहून वाट बघत बसली असणार.

"स्फोट झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय कराव, बाई! कालवा झाला. मी तसाच चपला टाकून धावत सरले बोलवाले गेल..."

नत्थूजींचं वाक्य तिथेच अडकलं. फडकं खाली पडलं.

"टांगा बोलवाले," ते पुटपुटले. "टांगा बोलवाले गेलतो मी."

३

प्रभाकरराव कॉलेजच्या आवारातच राहत. अंगभर खादी, वाणी मधाळ, वर्गात विषय सोपा करून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढच्या वर्षी प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती आणि ती त्यांनाच मिळणार हे रस्त्यावरचा पानवालाही सांगे. त्यांची एकच खोड सगळ्यांना ठाऊक होती. दुपारी जेवल्यावर वामकुक्षी चुकली की त्यांचं डोकं दुखे. पण ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

"या लीलाबाई. मला अपेक्षा होतीच." त्यांनी खुर्ची पुढे केली. "फार वाईट वाटतं हो. माझ्याच घरी जेवणारा मुलगा. पण शिस्त ती शिस्त."

त्यांच्या पत्नी आनंदाबाईंनी चहा आणून ठेवला. त्यांनी लीलाबाईंकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. सात दिवस झोप नसलेल्या बाईची ती नजर होती.

"आनंदाबाई, गुरुवारी दुपारी..."

"मला काही विचारू नका हो," त्या घाईने म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

नवऱ्याविरुद्ध बायकोला उभं करून जिंकलेला खटला लीलाबाईंना नको होता. मीठ खाल्लेल्या पोराची जीभ सोडवून जिंकलेलाही नको होता. मग राहिलं काय? प्रभाकररावांनीच ते आणून दिलं.

"माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पुरावा दाखवतो." आतल्या खोलीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला खादीचा सदरा आणला. दोन्ही हातांनी धरून झटकला तेव्हा तो पापडासारखा कडकडला. "त्या दिवशी सकाळपासून हाच अंगात होता. शिंतोडे माझ्याही अंगावर उडाले."

सदऱ्याला पाच भोकं होती, कडा तपकिरी, चुरगळून गळणाऱ्या. लीलाबाईंनी वही काढली. पोटावरचं सुपारीएवढं, मागे कमरेवरचं बोराएवढं, उजव्या कुशीवर मागच्या बाजूला वाटाण्याएवढं आणि पुढच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढं. पाचवं उजव्या बाहीवर, जेमतेम मोहरीएवढं.

"पाठीमागे कसं उडालं?"

"मी वळलो ना! त्याला पाठीशी घातलं." उत्तर लगेच आलं. "मग दोन्ही हातांवर उचलून टांग्यात घातलं, दवाखान्यात नेलं."

"आणि सदरा?"

"घरी येऊन काढला आणि गुंडाळून ठेवला. धुतला नाही, पुन्हा अंगात घातला नाही. पुरावा आहे तो."

माणूस अंगाने साफ सुटला असेल, पण त्याच्या कपड्याने तर सहन केलं होतं! लीलाबाईंनी सदरा आपल्या ताब्यात मागितला. प्रभाकररावांनी तो आनंदाने दिला, नीट गुंडाळून दिला. लीलाबाई सदरा काखेत धरून बाहेर पडल्या.

सर खरंच तिथे असतील तर मंगरूला आता कोण वाचवणार?

४

शुक्रवारी सकाळी पिपरी मेघेहून रामबाई वरठीण गाठोडं घेऊन आली. कोर्टातल्या निम्म्या वकिलांचे आणि कॉलेजातल्या सगळ्या मास्तरांचे कपडे तिच्याकडे धुवायला आणि इस्तरीला जात. तिने लीलाबाईंची लुगडी मोजून ठेवली आणि तिचं लक्ष टेबलावर पसरलेल्या सदऱ्याकडे गेलं.

"हे काय माय! प्रभाकर मास्तरचा सदरा हाय हा. कोनं सत्यानास केला?"

"तू कशावरून ओळखलास?"

"वा! माही खूण नाई का कॉलरच्या आत? आन् अशी कडक कांजी अख्ख्या वर्ध्यात त्याहीलेच लागते. बुधवारी देल्ला होता मी, दुधासारखा." ती हळहळली. "घडीवरच काई सांडवलं का?"

लीलाबाईंच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "घडीवर? म्हणजे कसं, रामबाई?"

"मंग! अंगावर सांडलं तं ज्या अंगानं सांडलं त्याच अंगाले डाग पडन. हे तं चारी अंगानं हाय."

"तू सदऱ्याची घडी कशी घालतेस? घालून दाखव. या इस्तरीच्या रेघा आहेत, त्यांवरूनच घाल."

रामबाईला हसू आलं. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारून राह्यली! तिने सदरा टेबलावर उपडा टाकला. दोन्ही कुशी पाठीवर दुमडल्या, बाह्या त्यांच्यावर सरळ खाली सोडल्या, मग खालचा अर्धा भाग उचलून वरच्या अर्ध्यावर घेतला. हात फिरवून थोपटलं. झाली घडी.

घडीच्या माथ्यावर आलं ते पोटावरचं, सुपारीएवढं भोक. लीलाबाईंनी वरचा पदर उचलला. बरोबर त्याखाली कमरेवरचं, बोराएवढं. त्याखाली कुशीवरचं वाटाण्याएवढं. त्यांनी चौथा पदर उचलला आणि त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

"बाई, तब्येत ठीक हाय न?"

"ठीक आहे, रामबाई. इतकी ठीक कधीच नव्हती!" लीलाबाई एकदम हसल्या. मग एक शंका डोकावली आणि हसू थांबलं. प्रभाकरराव हुशार माणूस. 'ओला सदरा घरी आल्यावर घडी करून ठेवला, ॲसिड पदरापदरांतून झिरपलं' म्हणाले तर? त्यांनी हळूच सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली, चाचपली, आणि लगेच सोडून दिली.

"रामबाई, उद्या चार वाजता कॉलेजात येशील?"

"कायले?"

"साक्षीला. घडी घालून दाखवायला."

"साहेब लोकाईसमोर?" रामबाईने पदर कमरेला खोचला. "येईन न! घडीच तं घालाची हाय."

५

शनिवारी चार वाजता लांबलचक टेबलाभोवती मंडळाचे सात सभासद बसले. प्रभाकरराव अध्यक्षांच्या उजव्या हाताला होते. दाराशी नत्थूजी, आणि बाहेर व्हरांड्यात मंगरू आणि त्याचा बाप पुनाजी. बाप अल्लीपूरहून पहाटेच पायी निघाला होता. आवारात विद्यार्थ्यांचा घोळका उभा होता.

"हां, बाई, वाचा रिपोर्ट," किसनराव म्हणाले. "जल्दी निपटवू. मले साडेचारले जिनवर जायचं आहे."

"अहवाल लिहिलेला नाही. दाखवते." लीलाबाई उठल्या. "प्रभाकरराव, हा सदरा त्या गुरुवारी सकाळपासून तुमच्या अंगात होता?"

"होता."

"दवाखान्यातून येऊन काढलात. मग धुतला नाही, अंगात घातला नाही."

"मुळीच नाही."

"रामबाई, पुढे ये."

वरठीण सभागृहात आली तेव्हा दोन सभासदांनी भुवया उंचावल्या. रामबाईने टेबलावरच्या फायली सरळ बाजूला सारल्या, सदरा उपडा टाकला आणि चार हालचालींत घडी घातली. लीलाबाईंनी पिशवीतून दाभण काढलं, माथ्याच्या भोकात घातलं आणि हलकेच खाली सोडलं. एकही धागा न अडता दाभण पाच पदर उतरलं. मग त्यांनी एक एक पदर उलगडून दाखवला. सुपारी, बोर, वाटाणा, तूर, मोहरी. ॲसिड जसजसं खाली झिरपलं तसतशी त्याची धार गेली होती.

"उडालेले शिंतोडे असे रांगेत बसत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे ॲसिड टेबलावर ठेवलेल्या घडीवर, वरून, एकाच जागी ओतलं आहे. ओतणाऱ्याला वाटलं, एक भोक पडेल. उघडून पाहिलं तर पाच! त्याला वाटलं, बरंच झालं, जितकी भोकं तितका पुरावा."

सभागृहात चुळबुळ झाली. प्रभाकररावांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "घरी आल्यावर मी सदरा काढून याच घडीवर घातला. ओला होता. त्यामुळे झिरपलं असेल."

किसनरावांनी सुटकेचा श्वास टाकला. "बराबर आहे. हो सकता है."

"होऊ शकतं," लीलाबाई म्हणाल्या. "म्हणजे तो अंगात होता हे नक्की. मग प्रभाकरराव, एवढं करा. तो पुन्हा घाला."

"काय?"

"मंडळासमोर अंगात घाला. दिवसभर वापरलेला सदरा आहे, त्यात काय अवघड?"

प्रभाकररावांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी सदरा उचलला, डोक्यावरून घेतला आणि उजवा हात बाहीत घातला. हात चार बोटं आत गेला आणि अडकला. त्यांनी जोर केला. बाही हलेना. रामबाईच्या कडक कांजीने बाहीचे दोन्ही पदर खांद्यापासून मनगटापर्यंत एकमेकांना चिकटवून ठेवले होते. त्यांनी आणखी जोर केला तेव्हा शांत सभागृहात ते पदर चर्रकन सुटल्याचा आवाज झाला.

"आता फुटली कांजी," रामबाई म्हणाली. "कोऱ्या घडीचा आवाज हाय हा. मी बुधवारी देल्ल्यापासून ह्या बाहीत कोनाचा हातच गेला नाई."

लीलाबाईंनी आवाज चढवला नाही. "या सदऱ्यात कुणी वर्गात शिकवलं नाही. या हातांवर कुणी भाजलेलं पोर उचललं नाही. प्रभाकरराव, जो तिथे होता त्याला असा पुरावा बनवावा लागत नाही. गुरुवारी पावणेतीनला तुम्ही कुठे होतात?"

प्रभाकरराव तसेच उभे होते, एक हात बाहीत, एक बाहेर. उत्तर दाराकडून आलं.

"घरी झोपले होते जी." नत्थूजी पुढे आले. आवाज स्वच्छ होता. "मी जाऊन दार वाजवलं. म्या उठवलं सरले. आन् त्या दिशी पातळ ॲसिड नव्हतं, कारन सकाळभर मी सरच्याच घरी कपाटाले रंग देऊन राह्यलो होतो. त्याहीच्या हुकमानं. माही नोकरी जात असन तं जाऊ द्या."

"नाही जाणार," लीलाबाई म्हणाल्या.

६

किसनरावांनी मात्र अजून हार मानली नव्हती. जिन चालवणारा माणूस, सरकी आणि रुई वेगळी करण्यात हयात गेलेली. "ठीक आहे, मास्तर नव्हते. पर बाई, पोराने खुद लिहून दिलं न, का चूक त्याची आहे? त्यानेच माफ केलं, तर आपण कोण?"

"आपण कायद्याने बांधलेले आहोत, म्हणून आपण," लीलाबाई म्हणाल्या. "शहाणा बाप आपल्या लेकराला जितकं जपेल तितकं मास्तराने हाताखालच्या पोराला जपलं पाहिजे, हा कोर्टातला जुना नियम आहे. पोराच्या हातात जहाल वस्तू द्यायची तर आधी धोका सांगायचा, आणि तो ती हाताळत असेपर्यंत तिथून हलायचं नाही. ही काही मास्तराची मेहेरबानी नव्हे, ते त्याच्यावरचं देणं आहे, आणि ते विद्यार्थ्याच्या सहीने फिटत नाही. सतरा वर्षांच्या पोराने कृतज्ञतेपोटी लिहून दिलं म्हणून तर मुळीच नाही. कॉलेजने तरीही त्याला काढलं, तर सोमवारी मी वकीलपत्र घेते. मंडळाच्या विरुद्ध, आणि त्याच्या वतीने."

घड्याळात साडेचार वाजून गेले होते. किसनराव जिनवर जायचं विसरले. ते सदऱ्याकडे, मग प्रभाकररावांकडे, मग बाहेरच्या घोळक्याकडे बघत राहिले. सोमवारी कोर्टात हाच सदरा दाखवला गेला तर? विचार करायला त्यांना फार वेळ लागला नाही.

प्रभाकररावांनी हात बाहीतून काढला. ते खुर्चीत बसले नाहीत. "लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले. मधाळ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी हजर नव्हतो. सूचना दिल्या नव्हत्या. तिन्ही जबान्या मी लिहिल्या. मला प्राचार्य व्हायचं होतं." त्यांनी सदरा काढून टेबलावर ठेवला. "घरात आठ दिवस माझ्याशी कोणी बोललेलं नाही. आज तरी बोलतील."

लीलाबाईंना खटला जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच थोडा आदरही. वर्गातला उत्तम मास्तर शेवटी त्यांच्यात कुठेतरी शिल्लक होता.

ठराव झाला. किसनरावांनी तो स्वतः उभं राहून सांगितला आणि कारकुनाने लिहिला. मंगरू कुमरे निर्दोष. त्याच्या औषधपाण्याचा भार कॉलेजवर. प्रभाकररावांना चौकशी पूर्ण होईपर्यंत रजा. यापुढे प्राध्यापक हजर नसतील तर रसायनशाळेचं कुलूप उघडायचं नाही. "एकमताने," किसनराव म्हणाले आणि घाम पुसत खाली बसले. व्हरांड्यात कुणीतरी खिडकीतून ऐकलं असावं. आधी दोघे-तिघे ओरडले, आणि मग सगळं आवार दणाणलं.

लीलाबाई बाहेर आल्या. पुनाजी हात जोडून पायांशी वाकू लागला, त्यांनी त्याला मधेच धरलं. मंगरू खांबाला टेकून उभा होता. आनंदाने नाचावं तर हा पोरगा गोंधळून गेलेला.

"बाई, सरची बेइज्जती झाली माह्यापायी."

"तुझ्यापायी नाही. त्यांच्या स्वतःपायी. आणि चूक त्यांनी आत्ता उभं राहून कबूल केली."

"पर पाणी तं मीच ओतलं न?" त्याने पट्टीकडे पाहिलं आणि मग आठ दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मी फक्त मिठापायी लिहून नाई देल्लं, बाई. मले वाटे का खरंच माही चूक हाय. बाकीच्या पोराईले ठाऊक असन, मलेच ठाऊक नाई. आमी रानातले लोक, आमाले हे शास्त्र नाई जमाचं, म्हून हात जळला."

लीलाबाईंना आता कळलं की खरा खटला आत चाललेला नव्हताच, तो इथे उभा होता, आणि याचा निकाल अजून लागायचा होता. त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"ऐक. सतरा वह्या पाहिल्या मी. ॲसिडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हा नियम एकाही वहीत नव्हता. कुणालाच ठाऊक नव्हता, कारण कुणालाच सांगितला नव्हता. बाटली रिकामी पाहून बाकीचे सोळा हातावर हात धरून बसले. डोकं चालवलं ते तू एकट्याने. जे तुला शिकवलंच नाही ते तुला आलं नाही, ही तुझी चूक कशी?"

"म्हणजे... माही चूक नाई?"

"नाही."

मंगरूने बापाकडे पाहिलं. पुनाजीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्याने मान हलवली. पोराची छाती एकदम फुगली, जणू आठ दिवसांनी त्याने पुरता श्वास घेतला.

"आणि आता पाचाला सात मिनिटं कमी आहेत," लीलाबाई म्हणाल्या. "फॉर्मची खिडकी पलीकडच्या इमारतीत आहे. काऊन उभा राह्यला रे? पळ!"

मंगरू पळाला. पायऱ्यांवरून उडी मारून, मैदान तिरकं कापत. मंडळाचे सभासद व्हरांड्यातून उतरत होते, त्यांना घाईघाईने बाजूला व्हावं लागलं, अध्यक्षांनासुद्धा.